सावित्रीबाईंची शेवटची सेवा

मुलांनो, सावित्रीबाई फुले १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मल्या. आपले तासगावही पूर्वी याच जिल्ह्यात होते. त्यांच्या शाळेची गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. मला त्यांचे अखेरचे दिवस अधिक आठवतात. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. भीतीने लोक रोग्याजवळ जाईनात. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात सावित्रीबाईंनी मुंढव्याचा एक आजारी मुलगा पाठीवरून आणला. त्यांनाही प्लेगने गाठले. १० मार्चला त्या वारल्या.

आज एच.आय.व्ही. झालेल्या मुलापासूनही काही लोक दूर पळतात. पण हा विषाणू स्पर्शाने किंवा एका दस्तरखानावर जेवल्याने पसरत नाही. तो दूषित रक्त, वापरलेली सुई, असुरक्षित शरीरसंबंध यांतून किंवा आईकडून बाळाला होतो. सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळते. ते रोज घेणारे मूल तुमच्याच बाकावर बसून शिकू शकते.