पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका व समाजसुधारक होत्या. बालविधवांसाठी शारदा सदन आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती सदन या संस्था त्यांनी स्थापन केल्या.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंचे शिक्षण मातेकडेच झाले. त्या किशोरवयात असताना दुष्काळात माता, पिता व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. पुढे त्या बंधू श्रीनिवास यांच्यासह पुराणे सांगत पायी फिरल्या. उपासमारीचा हा अनुभव त्यांच्या पुढील कार्यामागे होता, हे ध्यानात घ्यावे लागते. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षांतच पतीच्या निधनाने संपला. १८८२ मध्ये कन्या मनोरमेसह त्या पुण्यास आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. केशवपन, उपासतापास आणि घरातील छळ यांपासून बालविधवांना येथे आश्रय व शिक्षण मिळे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आक्षेपावरून न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दुष्काळ व प्लेग

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींना फूस लावून अनीतीच्या धंद्यासाठी नेणारी माणसे तेथे फिरत होती. मदतकेंद्रांतही मुली सुरक्षित नव्हत्या. केवळ अन्नवाटप पुरेसे नाही, हे ओळखून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोबत आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरल्याने त्यांना शहरात ठेवणे शक्य झाले नाही. तेव्हा केडगावच्या आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची तात्पुरती सोय करण्यात आली.

पुण्यातील प्लेग रुग्णालयात पाठवलेली सदनातील एक मुलगी परत आली नाही. तेथे स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून उघड तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती फेटाळली. प्रकरण ब्रिटिश संसदेतही उपस्थित झाले.

मुक्ती सदन

१८९८ मध्ये केडगाव येथे मुक्ती सदनाचे उद्घाटन झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर येथील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. मुलींना लेखन-वाचनासह शेती, विणकाम व छपाई शिकवली जाई. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय होती. अत्याचारित स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता. येथील शिक्षण ख्रिस्ती वळणाचे असल्याने टीका अखेरपर्यंत होत राहिली.

१९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. संस्थेची धुरा सांभाळू शकणाऱ्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या. त्यानंतर वर्षभराच्या आतच केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले.