ज्यांच्या पेढीवर कंपनीही कर्जदार होती

जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला, हे मराठी वाचकाला शालेय वयापासून ठाऊक असते. त्या छाप्यात शहरातील एका वाड्याच्या जमिनीही खणून काढण्यात आल्या आणि अखेर वाड्याला आग लावण्यात आली. त्या वाड्याचा धनी मात्र आपल्या इतिहासात एखाद्या ओळीपुरताच डोकावतो. त्यांचे नाव वीरजी व्होरा. समकालीन युरोपीय त्यांना जगातील सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांत गणत. त्यांची मत्ता ८० लाख रुपयांच्या घरात असल्याचे बोलले जाई.

जुन्या कागदपत्रांत त्यांचे नाव बहरजी बोहरा असेही आढळते. त्यामुळे अनेकदा गैरसमज होतो. परंतु वीरजी हे धर्माने जैन आणि आपल्या समाजाचे अग्रणी होते. सुरतेच्या इंग्रज वखारीच्या दप्तरात १६१९ पासून त्यांचा उल्लेख येऊ लागतो आणि पुढील पन्नास वर्षे तो येतच राहतो. मिरी, पोवळे, पारा, शिसे, हस्तिदंत, अफू, कापड अशा मालाचा त्यांचा व्यापार होता. आलेल्या जहाजावरील एखादा माल सगळाच्या सगळा उचलायचा आणि मग बाजारभाव आपण ठरवायचा, ही त्यांची पद्धत. आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा, कालिकत येथे त्यांचे गुमास्ते होते. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्याशीही त्यांचा व्यवहार चाले. दख्खनमधून परस्पर मिरी खरेदी करण्याचा इंग्रजांनी प्रयत्न केला, तेव्हा अधिक भाव देऊन वीरजींच्या माणसांनी तो निष्फळ ठरवला.

तरीही इंग्रजांना त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. युरोपातून येणारी जहाजे पावसाळा सरल्यावर सुरतेस पोहोचत. ती कापड भरून वेळेत परतावीत, यासाठी विणकरांना काही महिने आधीच आगाऊ रक्कम देणे भाग असे. चांदी मात्र त्याच जहाजांतून येणार आणि टांकसाळीत तिचे रुपये होण्यास आणखी अवधी लागणार. मधल्या काळातील ही उणीव वीरजींची पेढी भरून काढी. १६३६ मध्ये त्यांनी कंपनीला दोन लाख रुपये कर्जाऊ दिले. १६४२ मध्ये आणखी एक लाख. व्याज दरमहा शेकडा एक ते दीड. त्याच काळात इंग्लंडमध्ये वर्षाला शेकडा आठपेक्षा अधिक व्याज घेण्यास कायद्याने मनाई होती. लंडनच्या संचालकांना हे कर्ज खुपत असे. पण सुरतेतील त्यांचे नोकरच खासगी व्यापारासाठी वीरजींकडून पैसे उचलत.

आज ज्याला आपण बँकव्यवहार म्हणतो, त्याचा बराचसा भाग तेव्हा सुरतेत नांदत होता. नाणी पारखणारे सराफ होते. सुरतेत पैसे भरून आग्र्याला वटवता येणारी हुंडी होती. दिलेला शब्द हेच तारण होते. मात्र या व्यवस्थेचे दार मोजक्यांनाच उघडे होते. विणकराला पैसा मिळे तो दलालामार्फत आगाऊ म्हणून, आणि त्यासोबत त्याचे कापडही बांधले जाई. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात गुजरातची खेडी ओस पडली, तेव्हा कुणब्याच्या हाती कोणाचीही हुंडी नव्हती.

ज्यांना हे दार उघडे होते, तेही निर्धास्त नव्हते. १६३८ मध्ये सुरतेच्या सुभेदाराने वीरजींना कैदेत टाकले. प्रकरण शाहजहानपर्यंत गेले, वीरजींची सुटका झाली आणि सुभेदाराला पद गमवावे लागले. १६५७ मध्ये तख्तासाठी निघालेल्या शाहजादा मुरादच्या सरदाराने सुरतेचा किल्ला घेतला आणि व्यापाऱ्यांकडे दहा लाखांचे कर्ज मागितले. घासाघीस होऊन पाच लाखांवर तडजोड झाली. सर्व व्यापाऱ्यांच्या वतीने ती रक्कम वीरजी आणि हाजी जाहिद बेग यांनी भरली. हाती आला तो मुरादच्या शिक्क्याचा एक कागद. पुढच्याच वर्षी मुराद औरंगजेबाचा कैदी झाला.

सात वर्षांनी शिवाजी महाराजांची फौज आली, तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. वीरजींच्या वाड्यातून केवळ मोतीच अठ्ठावीस शेर निघाले, असे समकालीन वर्णन आहे. त्यानंतरही पेढी बुडाली नाही. औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली, व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि कंपनी पुन्हा कर्ज घेऊ लागली. १६७० नंतर मात्र दप्तरातून वीरजींचे नाव नाहीसे होते. त्याच वर्षी मराठ्यांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली.

वीरजींची पत त्यांच्या नावाशी बांधलेली होती. ती जपणारी सनद नव्हती, राजालाही बांधून ठेवील असा कायदा नव्हता. १६९४ मध्ये लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. तीही राजाला कर्ज देण्यासाठीच होती. पण तिच्यामागे पार्लमेंटचा कायदा उभा होता आणि तिची संस्था माणसांच्या पश्चात टिकली. सुरतेत मात्र १७५९ मध्ये एकेकाळच्या कर्जदार कंपनीनेच किल्ल्याचा ताबा घेतला.

सामान्य माणसापर्यंत पेढीचे दार पोहोचण्यास आणखी फार काळ जावा लागला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २०१४ मध्ये जनधन खाती आली. वीरजींच्या सुरतेतील विणकराला दलालाच्या ओळखीवाचून पैसा मिळत नसे. त्याच्या आजच्या वारसाच्या नावावर निदान एक खाते आहे. त्या खात्याच्या बळावर त्याला रास्त व्याजाचे कर्ज मिळते का, हा प्रश्न अजून संपलेला नाही.