दलील आणि अमानत : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजी

आवाज चढवणे म्हणजे युक्तिवाद नव्हे. सूरह अन्-नहलमध्ये (16:125) आवाहनाचे तीन मार्ग सांगितले आहेत : हिकमत, सदुपदेश आणि उत्तम रीतीने केलेला वादविवाद. या वादविवादाला शिस्त लावणारे शास्त्र म्हणजे मन्तिक. सिद्ध करायचा तो दावा, त्याचा आधार ती दलील. दलिलीतील व्यापक विधान 'कुब्रा', समोरच्या प्रकरणाचे विधान 'सुग्रा' आणि दोहोंतून निघतो तो 'नतीजा'. हे शब्द एका मुंबईकराच्या जीवनात कसे उतरले, ते पाहा.

बद्रुद्दीन तैयबजी 1844 मध्ये मुंबईत, सुलैमानी बोहरा व्यापारी घराण्यात जन्मले. मदरशातील उर्दू-फारसीनंतर एल्फिन्स्टन आणि पुढे इंग्लंड असा त्यांचा विद्याप्रवास झाला. 1867 मध्ये ते मुंबई हायकोर्टातील पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. 1874 मध्ये त्यांनी बंधू कमरुद्दीन यांच्यासह अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

1887 मध्ये ते मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला विरोध होता. तैयबजींनी पत्रांतून आपली बाजू मांडली, पण त्यांच्याविषयीचा आदर सोडला नाही. इतकेच नव्हे, तर बहुसंख्य मुस्लिम काँग्रेसपासून दूर आहेत, ही स्वतःला अडचणीची वस्तुस्थितीही त्यांनी सहकाऱ्यांपुढे मान्य केली. विरुद्ध बाजूची खरी दलील मान्य करणे हा पराभव नसतो.

1895 मध्ये ते न्यायाधीश झाले. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. नंतर अर्ज तैयबजींपुढे आला. त्यांची विचारसरणी मन्तिकच्या भाषेत अशी मांडता येईल : आरोपी खटल्याला हजर राहावा, हा जामिनाचा मुख्य हेतू, ही कुब्रा, हा आरोपी हजर राहील, ही सुग्रा, म्हणून जामीन द्यावा, हा नतीजा. शिवाय, आरोपी पुढे निर्दोष ठरला, तर आधीच भोगलेला तुरुंगवास कोण परत करणार? टिळकांचे राजकारण जहाल, तैयबजींचे मवाळ. सरकारची नाराजी उघड. तरीही जामीन मिळाला. पुढे टिळकांना शिक्षा झाली, पण त्यामुळे ही दलील खोटी ठरली नाही.

1906 मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

वाचकहो, वैरामुळेही न्याय सोडू नका, ही सूरह अल्-माइदाची (5:8) शिकवण आपण जाणतो. मग घरात, मोहल्ल्यात, जमातीत वाद होतो, तेव्हा आपण दलील आधी तोलतो की माणूस? अल्लाह आपणांस दलिलीची अमानत राखण्याची तौफिक देवो. आमीन.