दादासाहेब फाळके आणि एक ख्रिस्तपट

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या कार्याचा उगम प्रभू येशूच्या जीवनावरील एका युरोपीय चित्रपटात आहे, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत क्वचितच सांगितली जाते. ती सांगण्याजोगी आहे; कारण उत्तम कलाकृती कशी पाहावी, याचा धडा तिच्यात आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आदी कला आत्मसात केल्या. गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून ते काम करीत असता प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केल्यावर त्यांनी छापखाना काढला आणि रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे यांसाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. नंतर भागीदारांशी मतभेद झाले व तो व्यवसायही सुटला. वयाची चाळिशी उलटत होती, आणि हाती काम नव्हते.

अशा मनःस्थितीत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. तो आलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेचा होता, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १९०६ साली निघालेल्या त्यांच्या चित्रपटात प्रभूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची पंचवीस दृश्ये आहेत. जेम्स तिसो या चित्रकाराने पॅलेस्टाईनमध्ये हिंडून, तेथील माणसे व वेष निरखून शुभवर्तमानातील प्रसंगांची चित्रे काढली होती. त्यांच्या आधारे आलिसबाईंनी देखावे उभारले. शब्दाचे साहाय्य नसताना हालचाल, गर्दी व प्रकाश यांतून कथा सांगावयाची, हे सोपे काम नव्हते.

पडद्यावर ख्रिस्त दिसत असता फाळके यांच्या मनःचक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील कथा आपल्या माणसांनी अशाच रीतीने का दाखवू नयेत, या विचाराने त्यांना घेरले. एवढ्यावर थांबले असते, तर ते इतर प्रेक्षकांसारखेच एक प्रेक्षक ठरले असते. पण ते पुन्हा पुन्हा चित्रपट पाहू लागले. दृश्य कसे बांधले आहे, प्रकाश कोठून आला आहे, चमत्कार कसा साधला आहे, हे ते शोधीत. जागरणाने व डोळ्यांवरील ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मदत केली, तर निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ व चित्रीकरणाची रीत दाखविली. विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके परतले. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ त्यांनी थोडी थोडी चित्रित केली आणि मग भांडवल मिळविले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्म धुण्याचे कामही शिकून घेतले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके यांना ती देण्यात आली. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. ‘लंका दहन’ १९१७ साली व ‘कालिया मर्दन’ १९१९ साली आला. पुढे बोलपटांचे युग आले आणि फाळके मागे पडले. ‘गंगावतरण’ हा १९३७ सालचा बोलपट त्यांचा अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. शासनाने १९६९ साली त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला.

ख्रिस्ताचे चरित्र पाहून त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला नाही, म्हणून कोणी खेद करील. पण चांगला भाषांतरकार मुळाचे शब्द उचलीत नाही. मूळ कसे बोलते ते ऐकून आपल्या भाषेला बोलते करतो. फाळके यांनी हेच केले. त्यांचे समकालीन रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी उलट दिशेने तेच केले होते: अभंग व कीर्तन या मराठी मातीतील रूपांतून त्यांनी ख्रिस्त गाइला. एकाने युरोपचे तंत्र घेऊन हरिश्चंद्र दाखविला, दुसऱ्याने संतांची वाणी घेऊन प्रभू येशू. दोघांनीही परक्या घरचे चांगले ते आदराने पाहिले आणि त्यासाठी कष्ट उपसले.

आपली वृत्ती पुष्कळदा निराळी असते. चित्रपट हा मोह म्हणून आपण त्याकडे पाठ फिरवितो, अथवा तो बायबलवर असला की कसाही असो, धन्य म्हणतो. दोन्हींत पाहणे राहूनच जाते. इटलीच्या पाझोलिनी या निरीश्वरवादी दिग्दर्शकाने १९६४ साली मत्तयकृत शुभवर्तमानावर साधेपणाने चित्रपट काढला. पोलंडच्या किश्लोव्स्की यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दहा आज्ञांवर दहा भागांची दूरदर्शन मालिका केली. तीत उपदेश नाही, केवळ एका वसाहतीतील माणसांपुढचे कठीण निर्णय आहेत. भिलाईच्या कॅम्प-१ मधील घर असो की नाशिकचे, अशा कलाकृती आज घरबसल्या पाहता येतात. त्या पाहून झाल्यावर, येथे कोणता प्रसंग वगळला, कोणता चेहरा किती वेळ दाखविला व का, असे कुटुंबाने एकमेकांस विचारावे. मंडळीतील एखाद्या तरुणास त्यातून आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी काही निर्माण करावेसे वाटले, तर त्यास परावृत्त करू नये. दादासाहेबांच्या हाती गहाणाचे पैसे होते आणि दृष्टी नुकती परत आली होती. तरी सरस्वतीबाईंनी त्यांस थांबविले नाही.