देवाच्या हातीं सोपविलेली कन्या : पंडिता रमाबाई

पाऊस ओढ देतो, पेरलेलें बीं जमिनींतच करपून जातें, कणगीचा तळ दिसूं लागतो, आणि अशा वेळीं प्रार्थनेस गुडघे टेकलेल्या मनुष्याच्या मनांतही प्रश्न उभा राहतो कीं, देव आपली काळजी खरोखर वाहतो काय ? आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्यें ज्या घरीं हा प्रश्न कधींच आला नाहीं असें घर विरळा. याचें उत्तर आम्ही आज वादविवादानें देत नाहीं. जिनें भुकेनें मरणारीं माणसें आपल्याच घरांत पाहिलीं आणि पुढें शेंकडों भुकेल्यांस जगविलें अशा एका भगिनीचें चरित्र तेवढें आपणांपुढें ठेवितों.

पंडिता रमाबाईंचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही येथें मुख्यतः त्यांच्या भरंवशाविषयीं सांगणार आहों.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ या ठिकाणीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असें त्या काळीं लोक मानीत. परंतु शास्त्रीबोवांनीं लोकनिंदेस न जुमानतां आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ती विद्या शिकविली, आणि पुढें आईनें ती रमाबाईंस दिली. आल्यागेल्याचा पाहुणचार करतां करतां घरची मालमत्ता संपली, आणि रमाबाई अगदीं लहान असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडलें. देवळांत किंवा नदीकांठीं पुराण सांगावें आणि ऐकणारे जें देतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षें चालला.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळाचे दिवस आले. ज्यांच्यापाशीं चार दाणे होते ते त्यांनीं आपल्यापुरते राखले. मग पुराण ऐकणार कोण आणि दक्षिणा देणार कोण? अनंतशास्त्री आतां वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टि गेली होती. पोथीवांचून या कुटुंबास दुसरा धंदा येत नव्हता, आणि मोलमजुरी करणें किंवा भीक मागणें म्हणजे कुळास बट्टा लावणें असें त्यांस वाटे. होतें नव्हतें तें विकून झालें. शेवटीं मरण येईल तें तेथेंच येवो असें म्हणून सारींजणें रानांत शिरलीं. पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर त्यांनीं अकरा दिवस काढले. मग आपण तळ्यांत देह ठेवावा असा वृद्ध पित्यानें निश्चय केला, आणि एकेकास जवळ घेऊन निरोप दिला. धाकट्या कन्येस पोटाशीं धरून त्यांनीं तिला देवाच्या हातीं सोपविलें, आणि जन्मभर त्याचीच सेवा करीत राहण्यास बजाविलें. इतक्यांत मुलगा श्रीनिवास हा कुळाचा अभिमान सोडून मजुरी करण्यास तयार झाला, म्हणून तो भयंकर बेत राहिला. परंतु उपासानें खंगलेलें शरीर फार दिवस टिकलें नाहीं. थोड्याच काळांत शास्त्रीबोवा मरण पावले.

त्यांच्यामागून आईचें दुखणें विकोपास गेलें. ती तापांत अन्न मागूं लागली, तेव्हां रमाबाई शेजारच्या घरीं भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांतून मात्र पाणी वाहूं लागलें. त्या घरच्या बाईनें ओळखून बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. रमाबाईंनीं तो आणून आईपुढें धरला, पण तो खाण्याची शक्ति तिच्यांत उरली नव्हती. ती वारली तेव्हां तिरडीस चार खांदेकरी मिळेनात. श्रीनिवास व दोन ब्राह्मण असे तिघे झाले, आणि चौथें माणूस म्हणून रमाबाईंनींच हात दिला. उंची कमी पडे म्हणून तें ओझें त्यांस डोक्यावर घ्यावें लागलें. पुढें थोरली बहीणही गेली.

मग हीं दोघें भावंडें पायीं देशभर हिंडलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीनें गारठून जाऊं लागलीं तेव्हां त्यांनीं वाळूंत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन ऊब धरली. वाचकहो, पित्यानें ज्या देवाच्या हातीं कन्येस सोपविलें त्याची ओळख पित्यास किंवा कन्येस अद्यापि झाली नव्हती. तरी त्या खड्ड्यांतही तिच्यावर त्याचा हात होता असें आम्ही मानितों.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला. एक कन्या झाली, तिचें नांव मनोरमा. आणि १८८२ सालीं पतीसही पटकीनें नेलें. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंतच आईबाप, भाऊ, बहीण व पति या सर्वांस त्या मुकल्या होत्या. पतीच्या घरीं असतांनाच लूककृत शुभवर्तमानाचें एक बंगाली पुस्तक त्यांच्या हातीं आलें होतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या. हिंदु विधवांच्या शिक्षणासाठीं दहा वर्षें साह्य करण्याचें तेथील मित्रांनीं वचन दिलें, आणि ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आणलें.

येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाप्तिस्मा झाल्यावर सुमारें आठ वर्षांनीं रमाबाईंस कळून आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण स्वतः ख्रिस्त मिळालेला नाहीं. मग त्यांनीं आपल्या पांडित्याचा आधार सोडून पापी म्हणून प्रभूचे पाय धरले. जो भरंवसा पुढें शेंकडों अनाथांस पुरला त्याचें मूळ या ठिकाणीं आहे.

त्यानंतर त्यांच्या वाचनांत तीन चरित्रें आलीं : ज्यांनीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं केवळ प्रार्थनेच्या बळावर दहा हजारांहून अधिक पोरक्या मुलांचें पालन केलें त्या जॉर्ज म्युलर यांचें, चीन देशाच्या अंतर्भागांत चाललेल्या मिशनचें, आणि न्यू हेब्रिडीज बेटांतील जॉन पॅटन यांचें. तीं वाचून आपल्या हिंदुस्थानांतही कोणी असा भरंवसा टाकून काम कां करीत नाहीं असें त्यांस वाटूं लागलें. कोणीतरी पुढें येईल म्हणून त्यांनीं वाट पाहिली. शेवटीं तो प्रश्न त्यांच्याकडेच वळला : दुसऱ्यांनीं करावें असें जिला वाटतें, तिनें स्वतःच आरंभ कां करूं नये ?

या प्रश्नाची कसोटी लवकरच लागली. १८९६ सालीं मध्यप्रांतांत मोठा दुष्काळ पडला. अमेरिकेंतील साह्याची दहा वर्षांची मुदत संपत आली होती, आणि जें साह्य होतें तेंही शारदासदनापुरतें होतें. दुष्काळांतील मुली आणल्या तर त्यांस घालावयास अन्न कोठून आणावें, याचा हिशेब कोणत्याही वहींत बसण्यासारखा नव्हता. पण स्वतः भुकेनें पोळलेल्या बाईंस दुष्काळाच्या बातमीनें स्वस्थ बसवेना. भाकरीचा तुकडा मागतांना ज्या मुलीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तशाच कित्येक मुली आतां रस्त्यांवर पडल्या असतील हें त्या जाणत होत्या; आणि अशा निराधार मुलींस दुष्ट लोक कसे फसवून नेतात हेंही त्यांस माहीत होतें. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया वांचवून आणण्याचा त्यांनीं निश्चय केला.

त्या वेळीं पुण्यांत प्लेगाची सांथ आली होती, म्हणून इतकीं माणसें शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. आणलेल्या मुलींस न्यावें तरी कोठें ? पण याची तजवीज अगोदरच झालेली होती. अमेरिकेचें साह्य कायमचें नाहीं हें ओळखून, फळझाडें लावून सदनास उत्पन्न व्हावें म्हणून पुण्यापासून सुमारें ३५ मैलांवर केडगांव येथें रमाबाईंनीं सुमारें १०० एकर जमीन घेऊन ठेविली होती. त्या माळावर घाईघाईनें छपरें उभारून मुलींस ठेवण्यांत आलें. ज्या जागेंत फळें यावयाचीं तेथें देवानें माणसें आणून लाविलीं. हीच पुढें मुक्तिसदन झाली.

इतक्यानें कसोटी संपली नाहीं. १८९९ व १९०० या सालीं गुजराथेंत व पश्चिम हिंदुस्थानांत त्याहून भयंकर दुष्काळ पडला. पुन्हा मुली आणल्या गेल्या, आणि मुक्तींतील माणसांची संख्या १,९०० वर गेली. त्या वर्षीं केडगांवासही पाऊस झाला नाहीं. माणसांखेरीज शंभरावर जनावरें. स्वयंपाक, धुणें, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि बांधकाम, सर्वांस पाणी लागे. दररोज संध्याकाळपर्यंत विहिरी उपसून तळास लागत, आणि दररोज सकाळीं त्यांत पुन्हा नवें पाणी आलेलें असे. उद्यांचें पाणी आज कोणासही दिसत नव्हतें. रानांतल्या इस्राएल लोकांस मान्ना रोजच्या रोज वेंचावा लागे, आणि सारफथ येथील विधवेच्या मडक्यांत पीठ उरे तें पुढच्या जेवणापुरतें, हें ज्यांनीं शास्त्रांत वाचलें आहे त्यांस या विहिरींचा अर्थ सांगावा लागणार नाहीं.

तथापि येथें आम्ही दोन गोष्टींविषयीं सावध करितों. पहिली ही कीं, रमाबाई हातावर हात ठेवून चमत्काराची वाट पाहत बसल्या नाहींत. विहिरी त्यांनीं खणविल्या, जमीन कसविली, आणि मुलींस विणकाम, शेतकाम, दुभत्याचें काम, तेलाचा घाणा, छापखाना असे नाना उद्योग शिकविले. मजुरीची लाज धरल्यामुळें आपलें कुटुंब कसें मेलें हें त्या कधींच विसरल्या नव्हत्या. अंधळ्या स्त्रिया, म्हाताऱ्या बायका, फसलेल्या मुली यांसाठींही तेथें निरनिराळीं सदनें निघालीं. दुसरी गोष्ट ही कीं, आणलेल्या सर्वच मुली जगल्या असें नाहीं. उपासानें व रोगानें ज्यांची शक्ति अगोदरच सरली होती अशा कित्येक मुली मुक्तींत येऊनही मरण पावल्या. देव सांभाळतो याचा अर्थ त्याच्या लोकांस मरण व शोक येतच नाहींत असा कोणी करूं नये. परंतु त्या मुलींचा अंत रस्त्यावर झाला नाहीं. कोणीतरी आपलें म्हणून उशाशीं बसलें होतें.

स्वतः रमाबाईंच्या वाट्यासही शोक शेवटपर्यंत आला. उतारवयांत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्याभोळ्या बायकांसही समजेल अशा मराठींत सगळ्या पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें, आणि तें मुक्तीच्याच छापखान्यांत वांचविलेल्या मुलींच्या हातून छापविलें. काम शेवटास येत असतां, १९२१ सालीं, जिच्या हातीं सर्व कारभार द्यावयाचा ती एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. वृद्ध व बहिऱ्या झालेल्या मातेनें तो घाव सोसला व हातचें काम टाकिलें नाहीं. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूपाशीं गेल्या. त्यांचें शास्त्र १९२४ सालीं पूर्ण प्रसिद्ध झालें, आणि केडगांवचें मुक्ति मिशन आजही चालू आहे.

बंधुभगिनींनो, आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, रमाबाई पंडिता होत्या, दूरदेशीं त्यांचे मित्र होते, आपली त्यांची बरोबरी कशी व्हावी ? पण रानांत पाला खाणारी ती मुलगी पंडिता म्हणून वांचली नाहीं. त्या वेळीं सगळी विद्या तिच्यापाशीं होतीच आणि तिनें एक भाकरीही मिळाली नाहीं. ज्या उपदेशकास अपुऱ्या मिळकतींत मुलेंबाळें वाढवावीं लागतात, ज्या शेतकऱ्याची दुबार पेरणीही वायां जाते, त्यानें आपलें दुःख देवापुढें उघडें करावें, हातांत जें काम असेल तें लाज न धरतां करावें, आणि आपल्या दारीं आपल्याहून भुकेलें कोणी आलें तर त्यास माघारीं पाठवूं नये. आपल्यापुरतें राखून मग उरलें तर द्यावें, असा विचार रमाबाईंनीं केला असता तर त्या माळावर आज कदाचित् फळझाडेंच असतीं.

अनंतशास्त्र्यांनीं त्या रानांत आपली कन्या देवाच्या हातीं दिली, कारण देण्यासारखें त्यांच्यापाशीं दुसरें कांहींच उरलें नव्हतें. आपणही या वर्षीं आपलीं मुलें, शेतें व मंडळ्या त्याच हातीं देऊं या. ज्यानें ती कन्या सांभाळली तो आपणांसही सांभाळो, आणि आपल्या हातून दुसऱ्यांस सांभाळो. आमेन.