रेजी ओकाझाकी

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची हुबेहूब नक्कल तयार व्हावी लागते. ही नक्कल कशी होते, यातील एक अवघड कोडे जपानचे शास्त्रज्ञ रेजी ओकाझाकी यांनी सोडवले.

रेजी यांचा जन्म १९३० साली हिरोशिमा येथे झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यांचा जीव वाचला, पण बाँबच्या घातक किरणांचा मारा त्यांच्या शरीरावर झालाच.

१९५३ साली ते नागोया विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९५६ साली त्यांनी त्सुनेको यांच्याशी विवाह केला. त्याही शास्त्रज्ञ होत्या. पुढे रेजी यांनी अमेरिकेत आर्थर कोर्नबर्ग यांच्याकडे संशोधन केले. डीएनए तयार करणारे पॉलिमरेज हे विकर कोर्नबर्ग यांनीच शोधले होते. १९६३ साली हे दांपत्य नागोयाला परतले.

डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात, पण त्यांच्या दिशा परस्परांच्या उलट असतात. हेलिकेज नावाचे विकर हे धागे वेगळे करते. मग पॉलिमरेज प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा तयार करते. परंतु पॉलिमरेज एकाच दिशेने काम करते. मग उलट दिशेच्या धाग्याची नक्कल कशी होत असेल?

ओकाझाकी पतिपत्नींनी जीवाणूंना अवघे काही सेकंद किरणोत्सारी द्रव्य दिले. त्यामुळे नुकताच तयार झालेला डीएनए ओळखता आला. तो आखूड तुकड्यांत होता! थोड्या वेळाने तेच तुकडे लांब धाग्यात जोडलेले आढळले. म्हणजे एक धागा सलग तयार होतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी. शिंपी जसे कापडाचे तुकडे जोडतो, तसे लायगेज हे विकर हे तुकडे जोडते. हा शोध १९६८ साली प्रसिद्ध झाला. या तुकड्यांना आज जगभर 'ओकाझाकी तुकडे' म्हणतात.

किरणोत्सारामुळे पेशीतील डीएनए बिघडतो व त्यातून कर्करोग होऊ शकतो. रेजी यांना रक्ताचा कर्करोग झाला. १ ऑगस्ट १९७५ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्सुनेको यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. मुलांची जबाबदारीही त्यांच्यावर आली. तरीही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या लहानशा भागाने होते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केले. १९८३ साली त्या नागोया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

युद्धाने रेजी यांचे आयुष्य हिरावून घेतले, पण त्यांचे कार्य ते हिरावू शकले नाही.