नेत्रवैद्य झाक दाव्हिएल

हा पुरुष फ्रान्स देशांतील नॉर्मंडी प्रांतांत जन्मला. 1720 सालीं मार्सेय शहरीं प्लेगची सांथ आली, तेव्हां त्यानें रोग्यांची सेवा केली. पुढें तो नेत्रवैद्य झाला. त्या काळीं वैद्य मोतीबिंदु सुईनें डोळ्यांतच खालीं लोटीत. तो कधीं पुन्हां वर येई, कधीं डोळाच नासे. स्वतःच्या हातूनही अपयश आल्यावर त्यानें जुन्या रीतीचा अभिमान धरिला नाहीं. 1747 सालीं बुबुळावरील पारदर्शक पडद्यास खालून छेद देऊन त्यानें मोतीबिंदु बाहेर काढिला, आणि 1752 सालीं ही रीत पॅरिस येथील शस्त्रवैद्यांच्या सभेपुढें मांडिली. 1762 सालीं तो जिनीव्हा येथें मरण पावला. आजची शस्त्रक्रिया त्याच वाटेनें सुधारत आली आहे. म्हणून घरच्या वृद्धांची दृष्टि मंदावली, तर म्हातारपण म्हणून स्वस्थ न बसतां त्यांस इस्पितळांत न्यावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.